ओटीतली तांबडी ज्वारी

हिंगोली
रविवार, १० जून १९७३

नरसिंग,

शुक्रवार, ४ मे १९७३, सकाळी साडेदहाची वेळ. कळमनुरीला तुझ्या राहत्या घरात तुझी बायको केशरबाई हिने आपल्या पंचफुलाची ओटी भरली. ओटीत खण, नारळ, हळकुंडं आणि ज्वारी घातली. वर सोबत न्यायला पिशवीभर ज्वारी दिली. ती ज्वारी तांबडी होती.

मी तिथे नव्हते. तुझ्या उंबऱ्यावर मी तीन वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही आणि का ते तुला माहीत आहे. वेळ मला पंचफुलाने सांगितली. नांदेडची एसटी दारावरून गेली आणि मामी म्हणाली, चला, उरका.

सिकंदराबादला कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला तक्रारीचं पत्र शिकवायच्या. आधी तारीख आणि वेळ, मग घडलेली गोष्ट, शेवटी काय हवं आणि कधीपर्यंत. मधे रडारड केली की छडी. मी हिंगोलीच्या पोरींना जन्मभर तेच शिकवून निवृत्त झाले. म्हणून हे पत्र मी नीट लिहिणार आहे. तू ते नीट वाच.

पंचफुला बाळंतपणासाठी माझ्याकडे आली आहे. तिची आई, आपली रूपा, गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी आणि तू. त्यातला तू ओटीपुरता. आपल्या लोकांनी छप्पन साली देव सोडले, उपास सोडले, पण बायकांनी ओटी काही सोडली नाही. सोडली असती तर आज बरं झालं असतं.

परवा दुपारी ती ओसरीत बसून येणाऱ्या लेकरासाठी कुंची शिवत होती. ओटीतल्या खणाची. आतल्या बाजूला मला तांबडे डाग दिसले.

"हे काय गं?"

"काय न्हाई मावशी. ओटीच्या जवारीचा रंग लागला. दोनदा धुतलं, जाईना."

"ज्वारीला कसला रंग?"

"लाल. मिलोवानी. धुतली तर पानी लालेलाल. म्या म्हनलं मामानं रेशनची दिली आसंल."

"आणि तू ती खाल्लीस?"

"मंग! ओटीचं धान्य जिचं तिनंच खायचं अस्तं. दुसऱ्याला दिलं तर पोटातल्याचा वाटा जातो म्हनत्यात. ह्यांनी भाकर मागितली तर म्या ह्यांना बी न्हाई दिली." आणि ती हसली. नवऱ्याला उपाशी ठेवल्याची तिला गंमत वाटत होती.

धुतली, वाळवली, दळली आणि पिशवी संपेपर्यंत रोज तिच्या भाकरी खाल्ल्या. एकटीने.

नरसिंग, तू बियाण्याचा दुकानदार आहेस. पेरायच्या ज्वारीला विषारी पूड चोळलेली असते आणि चुकून कोणी खाऊ नये म्हणून तिला मुद्दाम तांबडा रंग देतात, हे तू गिऱ्हाइकांना स्वतः सांगतोस. पण ज्या मुलखाने दुष्काळात रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, खाल्ला, त्याला लाल दाण्याची भीती कुठून वाटणार? रंग देणाऱ्याला आपला दुष्काळ माहीत नव्हता. तुला माहीत होता.

मला एवढंच हवं आहे. त्या ज्वारीला कोणती पूड होती, तिचं नाव लिहून पाठव. उलट टपाली.

पंचफुला बरी आहे. जेवते, झोपते. तिला मी काही सांगितलेलं नाही. कुंची मात्र मी तिच्या हातातून काढून घेतली आणि ट्रंकेत ठेवली. शिवण वाकडी आलीय म्हणाले.

पद्मा

*

हिंगोली
गुरुवार, १४ जून १९७३

नरसिंग,

मी पत्र मागितलं होतं. तू आंबे पाठवलेस.

तुझा शकील आज सकाळी जीप घेऊन आला. पाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, मालकानं निरोप दिला. धुऊन खाल्लं तर काय होत न्हाई. अक्काला उगंच डोस्कं खायची आदत हाय." शेवटचं वाक्य निरोपातलं नव्हतं, तुझ्या स्वभावातलं होतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली. त्याला चहा दिला. बोलणाऱ्याचा राग मी आणणाऱ्यावर काढत नाही.

'धुऊन खाल्लं तर.' मूर्खा, त्या तीन शब्दांनी तू माझी झोप उडवलीस. आतापर्यंत मला शंका होती. धुण्यासारखं त्यात काहीतरी होतं हे आता तू मला तुझ्या तोंडाने सांगितलंस.

निरोप म्हणजे उत्तर नव्हे. नाव लिही.

पंचफुला पाटीतले दोन आंबे पुसून खाऊन मोकळी झाली होती. बाकीचे मी साबणाने धुतले. साबणाने! मग धुतलेले आंबे पाहत उभी राहिले आणि सगळे शेजारी वाटून टाकले. नंतर वाटलं, शेजारणीची सून पण गरोदर आहे. पुन्हा जाऊन मागून आणले. शेजारीण आता मला वेडी समजते. समजू दे.

पद्मा

*

हिंगोली
मंगळवार, १९ जून १९७३

नरसिंग,

काल मी पंचफुलाला डॉक्टर जाहेदाकडे नेलं. तुला आठवत असेल, आपल्या गल्लीतल्या खतीजाबींची नात. सातवीत मी तिला गणितात दोनदा नापास केलं होतं. आता हैदराबादहून डॉक्टर होऊन आली आहे आणि बसस्टँडजवळ दवाखाना घातला आहे. तिने पंचफुलाला तपासलं, मग वजनाच्या निमित्ताने नर्सबरोबर बाहेर पाठवलं. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बाई, दवा कोणती ते कळल्याशिवाय मी काही बोलू शकत नाही."

"अंदाजाने सांग."

"अंदाजाने उत्तर लिहिलं म्हणून तर तुम्ही मला नापास केलं होतं."

मी हसले नाही. तीही नाही. मग तिने मला समजावून सांगितलं आणि मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण हे एकटीने जाणून राहणं मला जमत नाही.

बियाण्याला लावतात त्या पुडी वेगवेगळ्या असतात. गंधक असेल तर एवढं घाबरायला नको. पाऱ्याची असेल तर. इथे ती थांबली. स्टेथोस्कोप ड्रॉवरमध्ये ठेवला, परत बाहेर काढला.

"आमचे प्रोफेसर सांगायचे, काही जातीचा पारा आईच्या अंगात राहत नाही. लेकराकडे जातो. त्याच्या मेंदूत उतरतो. आई चालती-बोलती असते, तिला फार तर मुंग्या येतात. मूल होतं. दिसायला कधीकधी अगदी बराबर असतं. हात, पाय, नाक, डोळे. मग महिने जातात आणि ते मान धरत नाही. बघत नाही. हाक मारली तर वळत नाही."

"म्हणजे पंचफुला धडधाकट आहे, याचा…"

"याचा काही अर्थ नाही, बाई."

नरसिंग, पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की ती बरी आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. तिला ओठांना मुंग्या येतात. मला वाटलं चुना जास्त लागला असेल, म्हणून तिचं पान बंद केलं. मुंग्या बंद झाल्या नाहीत. बोटांनाही येतात. गेल्या आठवड्यात तिच्या हातून कप पडला, आणि काल दवाखान्यात साडीच्या निऱ्या सावरताना तिला पदर सापडेना. जाहेदा म्हणाली, भरल्या दिवसांत बोटं सुजतात, मुंग्या कोणालाही येतात, तेवढ्यावरून पारा म्हणता येत नाही. पण हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले आहे. न बघता दिलेलं उत्तर मला ओळखू येतं.

तुझी पूड कोणती हे का हवं, तेही वाच. पारा असेल तर पंचफुलाला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथे तपासणी होईल, बाळंतपण तिथेच होईल. "पुढं ते काय करू शकतील ते मी सांगत नाही, खोटी उमेद देणार नाही," जाहेदा म्हणाली, "पण काय समोर येणार आहे हे माहीत असलेले डॉक्टर तरी जवळ असतील." मग आत्ताच का नेऊ नये? मी तेच विचारलं. तर तिचा रक्तदाब वाढलेला आहे, पाय सुजले आहेत. पूर्णेला गाडी बदलून रात्रभर बसून जायचं. विनाकारण नेली तर वाटेतच काही होईल. आणि न्यायचीच तर येत्या दोन आठवड्यांत. त्यानंतर ती हलवता येणार नाही.

न्यावी तर धोका, न न्यावी तर धोका, आणि कोणता मोठा ते तुझ्या जिभेवर आहे.

घरी येताना पंचफुला म्हणाली, "मावशी, डाक्टरीन काय म्हनली? पोरगा का पोरगी?"

मी म्हणाले, "तिला काय कळतं? गणितात कच्ची आहे ती."

ती रस्ताभर हसत होती.

नाव लिही, नरसिंग.

पद्मा

*

हिंगोली
रविवार, २४ जून १९७३

नरसिंग,

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी मी तुझ्या दारात आले होते. हे तुला ठाऊक आहे. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. शकील म्हणाला, "मालक नांदेडला गेले." तुझी चप्पल उंबऱ्याशी होती. करकर वाजते म्हणून तू टाचेला टायरचा तुकडा ठोकलेली. नांदेडला अनवाणी गेलास का रे? मी तुला हाक मारली नाही. रस्त्यात उभं राहून भावाला हाका मारायची माझी तयारी होती, पण तू आतून ऐकशील आणि तरी येणार नाहीस, हे मला बघायचं नव्हतं.

मग मला बाजारात केशरबाई भेटली. भाजी घेत होती. मला पाहिलं आणि पिशवी टाकून पळायच्या बेतात होती. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "अक्का, इथं नगं. लोकं बघून राहिले."

आम्ही बांगड्यांच्या पालामागे गेलो. तिच्यावर चिडू नकोस. चिडलास तर मला कळेल आणि मग तू आहेस आणि मी आहे.

"केशर, ज्वारी कुठली होती?"

"मला काय ठावं अक्का? घरात गव्हाचा दाना न्हवता. म्या सूप घेऊन ह्यांच्याकडं गेले. ह्यांनीच आतल्या खोलीतून भरून आनलं. म्हनले, रूपाची पोरगी हाय, तिची ओटी रिकामी काहून पाठवायची? पिशवी बी ह्यांनीच भरली."

"कोणत्या थैलीतून?"

 मी तिचा हात सोडला नव्हता. तो मी उघडून बघितला. तिच्या तळहाताच्या रेघांत तांबडा रंग बसला आहे. नखांच्या कडेला पण. मेंदी नव्हे.

"अक्का, शपत घ्या, कुनाला सांगनार न्हाई."

"मी शपथ घेत नाही. बोल."

"थैल्या दोन जातीच्या हायती. भिंतीकडच्या बाहेरून शिलबंद आल्यात, त्या खऱ्या. दाराकडच्या आमी केलेल्या. मोंढ्याच्या बाजारातून खायची जवारी आनायची आन् रंगवायची. म्याच कालवते. होळीचा रंग अस्तो नव्हं, तसला. मंग शिवायच्या. लोकं बियानं म्हनून नेत्यात."

"आणि ओटीची?"

"उंदरानं एक थैली फोडली व्हती. इकायच्या कामाची ऱ्हायली न्हवती. तिच्यातली." आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "ती कोन्या ढिगातली, ते ह्यांनाच ठावं. म्या रोज इचारते. म्हनत्यात, तू गप बस. अक्का, मला पोर न्हाई. पंचफुला माजी बी लेक हाय."

नरसिंग, मी एसटीत बसले आणि शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं, मावशी, हसताय कशाला? मी हसत होते! तीन वर्षांपूर्वी सेनगावकडचे शेतकरी तुझं हायब्रीड पेरून फसले. ज्वारीचं एक धाट गुडघ्याला, एक डोक्याच्या वर, आणि कणसं नावाला. मी त्यांना घेऊन तुझ्या दुकानात आले. तू घरातल्या बुद्धाच्या मूर्तीवर हात ठेवून सगळ्यांदेखत शपथ घेतलीस की बियाणं अस्सल आहे. मी सगळ्यांदेखत तुला चोर म्हणाले. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद. आपला बाप रेल्वेत जमादार होता, त्याने कधी कोळशाचा खडा घरी आणला नाही, आणि त्याचा मुलगा असा निघावा, याची लाज मी तीन वर्षं छातीशी धरून बसले होते.

आणि आता मी त्या लाजेला हात जोडते. तू चोर असशील तर त्या ज्वारीत होळीचा रंग आहे आणि दुसरं काही नाही. तू चोर असशील तर लेकरू मान धरेल.

मी रात्री नाही, भर दुपारी, हिशेब करत बसते. तू कंजूष आहेस. खरी थैली तू फोडणार नाहीस. हा माझा आधार. पण ती तू फोडलेली नाही, उंदराने फोडली. हा आधार गेला. उंदीर विषाच्या थैलीला तोंड लावेल का? लावणार नाही, म्हणजे ती तुझी रंगवलेली. आधार आला. पण दुष्काळात उंदीरही उपाशी होते. गेला. म्हणून विचारते, थैलीजवळ मेलेले उंदीर सापडले होते का? एवढं तरी लिही. मेले होते, की खाऊन पळाले?

शेत सांगेल, हे मला ठाऊक आहे. खरं हायब्रीड सगळं एका उंचीचं येतं. तुझं तसं येत नाही. सप्टेंबरात शिवारभर दिसेल. पण लेकरू जुलैत येतंय, नरसिंग. ते शेताची वाट बघणार नाही.

पद्मा

*

हिंगोली
मंगळवार, २६ जून १९७३

नरसिंग,

काल संध्याकाळी शकील पुन्हा आला. या वेळी रिकाम्या हाताने. ओसरीत आला नाही, फाटकाशीच उभा राहिला.

"बाई, मालकानं बोलले, ती जवारी खोटी व्हती. रंगवलेली. घाबरायचं न्हाई म्हनले."

 मी फाटक धरलं. "लिहून दिलंय?"

"न्हाई. म्हनले लिहून देनार न्हाई. लिहिलं तर फसतो म्हनले."

"शकील, तू स्वतः बघितलंस, थैली कोणत्या ढिगातली होती?"

त्याने मान खाली घातली. "बाई, तुमची तकलीफ मला दिसते. झूट नाय बोलत. मला नाय मालूम."

तो गेला आणि मी तिथेच उभी राहिले. एका मिनिटापुरतं माझं लेकरू वाचलं होतं. मग मला आठवलं की हा निरोप तू पाठवलास. पहिल्यांदा तू म्हणालास, धुऊन खाल्लं तर काही होत नाही. रंगवलेल्या ज्वारीला धुवायचं कशाला, हे तुला तेव्हा सुचलं नाही. आता केशरबाईने मला सांगितलं हे तुला कळलं, आणि मला काय ऐकायला आवडेल तेही कळलं. तू लहानपणी आईला असंच गप्प करायचास. पाटी फुटली तरी शाळेत आहे म्हणायचास. तिला बरं वाटायचं. मला माहीत असायचं.

तर तू खरं बोलतोयस की मला गप्प करतोयस? तोंडी निरोपातून हे कळायला मार्ग नाही. म्हणून कागद हवा. माणूस दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून तोंडाने वाटेल ते सांगतो, पण स्वतःच्या विरुद्ध, स्वतःच्या अक्षरात, सही करून, कोणी खोटं लिहीत नाही. तू तर मुळीच नाही. फसशील अशा गोष्टीवर तू सही केलीस, तर ती खरी आहे हे जाहेदाला सांगायला मला दुसरा पुरावा नको.

आणखी दोन गोष्टी. पंचफुलाचा नवरा ग्यानबा सिद्धेश्वरहून भेटायला आला होता. धरणावर पाटकरी आहे, पाणी सोडतो, बोलतो कमी. जाताजाता म्हणाला, "मावशी, घरच्या दोन कोंबड्या गेल्या. मान वाकडी करून गोल गोल फिरल्या आन् मेल्या." मी विचारलं, काय खाल्लं होतं? म्हणाला, "काय ठावं. ही जवारी निवडायची तवा खाली सांडलेली टिपायच्या. पन गावात कोंबड्यांची मानमोडी बी आली व्हती. शेजाऱ्याच्या बी मेल्या." शेजाऱ्याच्या किती, त्यांनी ज्वारी टिपली होती की नाही, सगळं विचारलं. बिचारा गांगरला. म्हणाला, "मावशी, कोंबडीसाठी एवढं काहून मनाला लावून घेता? दुसऱ्या आनू."

दुसरी गोष्ट. आज सकाळी मी पंचफुलाची वेणी घालत होते. ती म्हणाली, "मावशी, लेकरू लय शांत हाय माजं. आदी लाता मारायचं, आता गपचिप पडून ऱ्हातं. तुमच्यावानी शिस्तीचं दिसतंय."

माझे हात थांबले. ती वळून माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, तुमी काहून माझ्याकडं अशा बघून राहिल्या? आल्यापासून बघून राहिल्या. काय झालं ते सांगा की. माजी कुंची कुठं हाय?"

मी म्हणाले, रडू नकोस, शिवण उसवून देते. ती रडत नव्हती. मी रडत होते.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं काय? तू पाप केलं नाहीस, मामाने दिलेलं खाल्लंस, रिवाजाप्रमाणे एकटीने खाल्लंस, आणि त्यामुळे कदाचित तुझं मूल तुझ्याकडे कधी बघणार नाही? आणि कदाचित बघेल? यातलं कोणतं सांगू? ते तू ठरवणार आहेस.

आता ऐक. तुला कागदाची भीती वाटते, म्हणून मी, जिने आयुष्यात कोणाच्या चोरीवर पांघरूण घातलं नाही, तुला लिहून देते. तुझा कागद मी डॉक्टर जाहेदाला दाखवीन आणि त्याच दिवशी चुलीत घालीन. शेतकऱ्यांना मी काही सांगणार नाही. सप्टेंबरात त्यांचं पीक तुला पकडेलच, त्याला माझी गरज नाही. हे वचन देताना मला माझीच लाज वाटते आहे, पण ती मी सोसेन. बापाच्या फोटोकडे मी चार दिवस पाहिलेलं नाही.

कागदावर तीनपैकी एक लिहायचं. ज्वारी रंगवलेली होती, किंवा गंधकाची होती, किंवा पाऱ्याची होती. शिलबंद थैली असेल तर तिच्यावर औषधाचं नाव छापलेलं असतं, ते अक्षर न अक्षर उतरवून काढ. इंग्रजी येत नसेल तर जसं दिसतं तसं चित्र काढ, मी वाचीन. रंगवलेली असेल तर लिही: 'मी खायची ज्वारी रंगवून बियाणं म्हणून विकतो आणि पंचफुलाला तीच दिली.' खाली सही. हे एक वाक्य तू लिहिलंस तर मी तुला जन्मात पुन्हा चोर म्हणणार नाही. लेकराचं जावळ तुझ्या मांडीवर काढीन. सगळ्या हिंगोलीला बोलावीन आणि सांगीन, हा तिचा मामा, याच्यामुळे हे मूल नीट आहे. आणि ते अगदी खरं असेल.

खरी थैली असेल तर तेही लिही. तेव्हा मी तुला काय म्हणेन ते आत्ता सांगत नाही. पण न लिहिलंस तर त्याहून वाईट म्हणेन, एवढं नक्की.

जाहेदाने रविवारच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवायला सांगितली आहेत. काढली आहेत. वापरायची की परत करायची, ते तुझ्या कागदावर आहे.

शनिवार, ३० जून १९७३, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझ्या सहीचं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालावर विसंबू नकोस, शकीलला जीप देऊन पाठव. पाचनंतर आलेलं उत्तर मी घेणार नाही. पाचनंतर मी पंचफुलाला घेऊन एसटीने तुझ्या दारात येईन, आणि फळ्या लावलेल्या असल्या तरी उंबऱ्यावर बसेन, आणि ती तुला विचारेल, मामा, माझ्या ओटीत काय घातलंस?

तिला उत्तर देण्यापेक्षा मला लिहिणं सोपं आहे.

तुझी थोरली बहीण,
पद्मा